कणकेचं बूच

अक्का, तुला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि माझा नवरा अजून धड जेवत न्हाई. दोन घास खातो, पाणी पितो, उठतो. माझ्या बापाचं झालं तेव्हा ह्याच माणसानं चौथ्या दिवशी मला म्हणलं होतं, "आता पुरे कर, जेवून घे." आणि आता स्वतः ताटावर बसून भिंतीकडं बघत राहतो. मी तरी काय करू? जावेचं दुःख करू का नवऱ्याच्या दुःखाचा राग करू, काही कळंना झालंय.

जित्तेपणी तुला 'तुम्ही' म्हणत आले. मोठी जाऊ म्हणून तेरा वर्षं पदर सावरून, 'अक्का, तुम्ही बसा', 'अक्का, तुम्ही घ्या'. आज 'तू' म्हणते. भांडायचं तर 'तू' म्हणूनच भांडावं लागतं. आणि तू मला तेरा वर्षांत एकदासुद्धा भांडू दिलं न्हाईस, ही माझी पहिली तक्रार आहे.

तुझ्या खोलीत तो अर्क काढायचा काचेचा चंबू अजून तसाच तिपाईवर उभा आहे. बाजूला ती दुहेरी काचेची लांब नळी, वाफ निवायला वरून पाणी घालायची, आणि मधे ती वाकडी नळी, जिच्यापायी आपल्या घरात एवढं सगळं झालं. मी रोज झाडताना तिच्याकडं बघते. काच ती काच, पण मला बघून हसल्यासारखी वाटते मेली.

तुला आठवतं का, आधी तांब्याचा भबका होता. तात्यांनी, म्हणजे तुझ्या वडलांनी, लग्नात दिलेला. लोकांच्या लेकी दागिने घेऊन सासरी येतात, अंबडच्या वैद्यांची लेक अर्क काढायचं भांडं घेऊन आली, म्हणून सासूबाई वर्षभर पाहुण्यांना सांगायच्या. पण त्याच भबक्यावर तू ओव्याचा अर्क काढायला लागलीस आणि आपल्या मस्तगड मोहल्ल्यातल्या निम्म्या बाळांची पोटं तुझ्या चमच्यावर शांत झोपायला लागली. अंतरवालीपासून बाया यायच्या. "अक्का हायती का?" मी दार उघडायची आणि कोणी मला नावानं ओळखायचं न्हाई. मी म्हणजे दार उघडणारी.

फक्त एक माणूस तुझ्या अर्काला नावं ठेवायचा, तुझा बाप. तात्या महिन्या-दोन महिन्यांनी अंबडहून एसटीनं यायचे. तू धुतलेल्या वाटीत अर्क द्यायचीस. ते जिभेवर थेंब घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तांबं उतरलंय." झालं. तू कल्हई करून घ्यायचीस, पुन्हा काढायचीस, पुन्हा "तांबं उतरलंय". तात्यांच्या तोंडात चांगल्या गोष्टीसाठी एकच शब्द होता, "बराबर". भाजी जमली तर बराबर, जावई नीट बोलला तर बराबर. तुझ्या अर्काला तो शब्द त्यांनी कधी दिला न्हाई. तू हसून वाटी उचलायचीस, पण मागच्या दारी जाऊन ती वाटी कितीतरी वेळ घासत बसायचीस. ते मी बघितलंय. मला त्या वेळी बरं वाटायचं, हे पण आजच सांगून टाकते.

मंग तू काच काच करायला लागलीस. काचेत अर्क काढला तर तांब्याचा प्रश्नच न्हाई. आणि ह्यांच्या अंगात आलं. पोलीस ॲक्शननंतर ह्यांची शाळा उर्दूची मराठी झाली आणि ह्यांच्याकडं सायन्स शिकवायला आलं, तेव्हापासून ह्यांना घरात कोणीतरी ऐकणारं पाहिजे होतं. दादा, म्हणजे तुझे मालक, दिवसभर मोंढ्यात, त्यांना तुरीच्या भावापलीकडं बोलणं न्हाई. माझ्याशी ह्यांची बोलणी दोनच, "चष्मा कुठंय?" आणि "मीठ कमी आहे." पण तुझ्याकडं आले की तोंडाला धार लागायची. वाफ कशी होते, वाफ निवते कशी, तेल वर का तरंगतं. तू विचारायचीस पण असं की माणसाला सांगावंच वाटावं. मी चहा घेऊन यायची तर दोघांची डोकी त्या भांड्यावर वाकलेली. "ठेव तिथं," हे म्हणायचे, वर न बघता. तू मात्र वर बघायचीस, "बस ना कुसुम." आणि मी म्हणायची, "मला कामं हायत." काय कामं होती गं मला? चुलीपुढं जाऊन नुसती बसायची.

एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या लिलावात ह्यांनी तो चंबू आणि ती लांब नळी उचलून आणली. दोन्ही चांगली, पण दोघांना जोडणारी वाकडी नळी त्यात नव्हतीच. चंबूचं तोंड आतून घासलेल्या काचेचं, म्हणजे त्यात तशीच घासलेली काच बराबर बसली तरच वाफ बाहेर पडत न्हाई. मंग सुरू झाली नळीची शोधाशोध. आधी लाकडी बूच आणलं, तार तापवून भोक पाडलं, त्यातून साधी नळी घातली. अर्काला बुचाचा वास. मंग सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. तात्यांनी थेंब घेतला आणि म्हणाले, "पोरी, मी पंक्चरवाल्याकडं आलोय का?" त्या दिवशी तूसुद्धा खो-खो हसलीस. हे पण हसले. मी आत होते.

ह्यांनी गाव पालथं घातलं. औषधांची दुकानं झाली, अत्तरवाला झाला, गोळी-सोड्याचा कारखाना झाला. आणि एक दिवस चुडीवाल्याकडं गेले. हे मला चुडीवाल्याच्या बायकोनंच सांगितलं, हसत हसत, "मास्टरसाब आए थे. घंटाभर बैठे. मियाँ बोले, ये चूड़ी का काम न्है, इसके वास्ते हैदराबादइच जाना पड़ता." घंटाभर! अक्का, संक्रांतीला चुडा भरायला तो माणूस माझ्याबरोबर कधी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आला न्हाई. तुझ्या नळीसाठी बायकांच्या त्या ओट्यावर घंटाभर बसला. मी घरी आले आणि हातातल्या बांगड्या एकेक करून मोजल्या, काय करावं ते सुचंना म्हणून.

तुमच्या दोघांत काही वावगं होतं असं मला एक क्षणभर पण वाटलं न्हाई. वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. तेव्हा मी ओरडले असते, माहेरी गेले असते, चार माणसं माझ्या बाजूनं बोलली असती. पण नवरा वहिनीशी वाफेबद्दल बोलतो, ह्याची तक्रार कोणाकडं करायची?

मंग ह्यांना मास्तरांच्या ट्रेनिंगसाठी हैदराबादेला जायचं आलं. तिथं शाळांना काचसामान विकणारी दुकानं. पण माप कसं न्यायचं? चंबू रेल्वेतून न्यायचा म्हणजे तुकडेच आणायचे. दोऱ्यानं मोजलं तर तोंडाचा उतार कळत न्हाई, वर रुंद आणि खाली निमुळतं ते. तेव्हा तूच बोललीस, "भावजी, पिठाचं बूच करून देते. तात्या भबक्याचे सांधे लिंपायला उडदाचं पीठ घेतात, त्यात कापूस कुटून. वाळलं तरी आटत न्हाई." दोन दिवस तू ते पीठ कुटलंस. तोंडाला तेलाचं बोट फिरवून त्यात दाबलंस, सावलीत वाळवलंस, अलगद काढलंस. गुळगुळीत, काळपट, निमुळतं. हे त्याच्याकडं असे बघत होते की बारशाच्या बाळाकडं पण कोणी तसं बघत नसंल. "वहिनी, तुम्ही शाळेत मास्तरीण व्हायला पाहिजे होतं," म्हणाले.

निघायच्या दिवशी सकाळी मी ह्यांची ट्रंक बघायला गेले. तू आंघोळीला गेल्तीस, हे दादांशी बाहेर बोलत होते. ट्रंकेत ते बूच होतं, आणि ते गुंडाळलं होतं माझ्या रुमालात. मी भरलेला रुमाल, अक्का. कोपऱ्यात ह्यांच्या नावाचं अक्षर, निळ्या दोऱ्यानं. दोन वर्षं तो रुमाल ह्यांनी कधी खिशात घातला न्हाई, "शाळेत बरं दिसत न्हाई" म्हणून. आणि आज तुझ्या बुचाला तो बरा दिसला.

मी रुमाल ओढला. इतकाच ओढला. बूच फरशीवर पडलं आणि दोन तुकडे झाले. मधून कापसाचे धागे बाहेर आले.

बाहेर टांग्याची घंटी वाजायली. चुलीपाशी दशम्यांची कणीक मळलेली पडली होती. मी गोळा घेतला, तुकडे जुळवून समोर धरले आणि तस्संच बूच वळलं. जाडीला जाडी, उताराला उतार. हात माझा चांगला आहे, हे तर तुलाही मान्य होतं. तव्याच्या कडंला जरा शेकवलं, वर राख चोळली की काळपट दिसावं, आणि रुमालात गुंडाळून ठेवलं. तुझे तुकडे चुलीत गेले. ट्रंक बंद, टांगा गेला. तू न्हाऊन आलीस, ओल्या केसांनी दारात उभी राहून म्हणलीस, "नीट जपून ठेवलंय ना गं बूच?" मी म्हणलं, "हो."

आता ऐक. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी ते मुद्दाम केलं न्हाई, मोडलेलं सावरलं फक्त. पण अक्का, दर उन्हाळ्यात ह्या घरच्या कुरडया कोण करायचं? मीच ना? ओली कुरडई वाळली की केवढीशी होते, हे मला माहीत नव्हतं का? कणीक वळताना हे माझ्या डोक्यात आल्तं. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. जाऊ दे तिकडं, म्हणलं. एकदा तरी तुमचं जमू नये.

आणि न्हाईच जमलं. हे परत आले, अंगावरचा प्रवासाचा धुरळा न झटकता तुझ्या खोलीत गेले. नवी नळी चंबूत घातली तर ती खुळखुळ करत आत घसरली. इतका तोंड पडलेला माणूस मी कधी बघितला न्हाई. "बुचाच्या मापाला तर बराबर होती, वहिनी. दुकानात तीनदा पडताळून बघितली." मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तू ते बूच हातात घेतलंस, दोन बोटांत धरून मोडलंस. आत बघितलंस. मंग एवढंच म्हणलीस, "आटलं असंल, भावजी. पीठच ते." आणि येऊन दोन्ही तुकडे चुलीत टाकलेस, माझ्या शेजारून. माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाईस. मी मनात म्हणलं, सुटले, न्हाई कळलं हिला.

पुढच्या खेपेला तात्या आले तर फार वाळले होते. वाटीकडं न बघताच म्हणाले, "काचेचं झालं का गं?" तू म्हणलीस, "दिवाळीच्या सुट्टीत भावजी परत जाणारेत. मंग होईल, तात्या." ते म्हणाले, "जल्दी कर." श्रावणात तात्या गेले.

तू अंबडहून परत आलीस ती तशीच, कामाला लागलीस. मी तुझ्या पाया पडायला वाकले तर उठवलंस मला. तेव्हा बोलायला पाहिजे होतं मी. तोंडापर्यंत आलं होतं, आणि तेवढ्यात हे पाण्याचा तांब्या घेऊन तुझ्यापाशी आले, "वहिनी, घोटभर घ्या." आल्याबरोबर माझं तोंड मिटलं. जळका स्वभाव, दुसरं काय.

दिवाळीत दुसरी नळी आली. ह्या वेळेला तुझं उडदाचंच बूच गेल्तं, तू ते स्वतःच्या हातानं ट्रंकेत ठेवलंस. नळी अशी बसली की फिरवली तर चर्र वाजायची. पहिला काचेचा अर्क उतरला. पाण्यासारखा स्वच्छ, वर तेलाची चांदणी. दादा बघायला आले, हे तर नाचायचेच बाकी होते. आणि तू वाटी घेऊन कोणाकडं आलीस? माझ्याकडं. चुलीपाशी. म्हणलीस, "कुसुम, तू चाख. आता तात्या न्हाईत, तुझी जीभ खरी हाय."

मी थेंब घेतला. अक्का, त्यात तांबं नव्हतं, बूच नव्हतं, रबर नव्हतं. नुसता ओवा, आणि घशात उतरताना नुसती ऊब. मला कळत होतं तू कोणत्या शब्दाची वाट बघतीयस. तात्यांचा होता तो शब्द, आणि तू तो माझ्याकडं मागायला आल्तीस. एक शब्द. द्यायला काय जात होतं माझं?

मी म्हणलं, "ठीक हाय."

तू वाटी घेतलीस. "हां," म्हणलीस, "ठीक हाय," आणि मागच्या दारी गेलीस. घासत बसलीस ना? मी बघायला आले न्हाई, पण मला आवाज येत होता.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, मला वाटायचं माझी सरशी झाली म्हणून बरी गेली. कारण हे मला हाक मारायला लागले. "कुसुम, जरा पाण्याची घागर धर." "कुसुम, तुझा हात हलका आहे, नळी तू बसव." रविवारी तिघं बसायचो आपण. वाफ आणि तेल मला पण समजायला लागलं. वाटायचं, बघा, शेवटी नवरा माझाच.

आज सकाळी अंतरवालीची एक बाई आली, कडेवर रडकं लेकरू, हातात रिकामी बाटली. "अक्कांनी बोलावलं होतं पौर्णिमेनंतर." मी दार उघडलं आणि माझ्याकडून तिला सांगवंना. "बसा," म्हणलं, "काढून देते." ह्यांना हाक मारली. सतरा दिवसांत पहिल्यांदा तो माणूस त्या खोलीत आला. ओवा भिजलेला नव्हता, गरम पाणी घालून तसाच चंबूत टाकला. मी वाकडी नळी उचलली आणि चंबूच्या तोंडापाशी धरली. म्हणलं, "अहो, ते पहिलं बूच मी केलं होतं. कणकेचं. अक्कांचं माझ्या हातून मोडलं होतं."

हे खाली बसून घागर लावत होते. वर न बघता म्हणाले, "माहितंय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. वहिनींनी मोडलं तेव्हा मी शेजारी होतो. आत कापूस नव्हता."

"मंग बोलला का न्हाईत मला? एवढं मोठं झालं त्यापायी, तात्या..."

"बोलणारच होतो. लई बोलणार होतो." मंग वर बघितलं त्यांनी. "वहिनी म्हणल्या, भावजी, आपण दोघं बोलत बसतो आणि ती तिकडं एकटी चुलीपाशी असती. म्हणून झालं हे. बोलाल तर माझी शपथ हाय. तिला नळी धरायला बोलवा, एवढंच करा."

आता सांग अक्का, मी तुझं काय करू? जी माझी सरशी म्हणून मी मिरवत होते, ती पण तूच वाढलेली. माझ्या गुन्ह्याचं गुपित, ते पण तुमच्या दोघांचं. मी माझ्या पापात सुद्धा एकटी नव्हते, तिथं पण तुम्ही दोघं आधीच बसलेले! आणि तुझा बाप त्या काचेतल्या थेंबासाठी तहानलेला गेला तरी तू माझ्यावर एकदा आवाज चढवला न्हाईस. चढवायचास गं. एक थोबाडीत मारायचीस. मी पण उलट बोलले असते, तू पण बोलली असतीस, दोघी रडलो असतो, आणि मंग कदाचित मी ती वाटी घेऊन तुझ्यामागं मागच्या दारी आले असते. तू मला माफ करून ठेवलंस आणि सांगितलं पण न्हाईस. एवढं मोठं मन माणसानं दुसऱ्याच्या घरात आणू नये. शेजारी राहणाऱ्याचं काय होतं, कधी विचार केलास का?

मी नळी बसवली. चर्र वाजली. ह्यांनी जाळ लावला, घागरीचं पाणी सोडलं. बाई लेकराला मांडीवर थोपटत दारात बसली. अर्क थेंब थेंब उतरायला लागला आणि ह्यांनी चमचा धरून माझ्यापुढं केला. "चाख," म्हणाले, "आता तूच."

मी थेंब जिभेवर घेतला आणि डोळे मिटले. मी घाई केली होती, अक्का, ओवा भिजवला नव्हता आणि जाळ जास्त झाला होता. करपट लागला. लेकराच्या पोटाला चालंल, म्हणून अर्धी बाटली दिली तिला, आणि उद्याच्यासाठी ओवा भिजत घातला. पण ह्यांना मी खरं ते सांगितलं. माझा हा बराबर न्हाई.

तुझा होता. पहिल्या दिवशी, त्या वाटीतला, बराबर होता.